वाचकांचे प्रश्न: निझवाचा किल्ला, खजुराची काकवी आणि पाण्याची पाळी

मागच्या अंकात ओमानमधल्या निझवाच्या किल्ल्याचा एक फोटो छापला होता, सहज जागा होती म्हणून, पण त्यावर एवढी पत्रं नि मेसेज आले की या वेळचं अख्खं पान ओमानलाच दिलंय. सगळी पत्रं मावली नाहीत, राग धरू नका.

प्रश्न: आम्ही दोघं शहापूरला असतो, दोघंही शाळेतून रिटायर. धाकटा मुलगा मस्कतला नोकरीला आहे, जानेवारीत या म्हणतोय. एका टूरवाल्यानं दुबईचे चार दिवस आणि मस्कतचा एक असं पॅकेज सांगितलं. आम्हाला उंच बिल्डिंगा बघायची हौस नाही ओ, जुनं काहीतरी बघायचंय. आणि माझे गुडघे दुखतात. काय करावं?

बाई (शाळेत होता म्हटल्यावर तोंडात बाईच येतं), पॅकेज राहू दे. पोरगा तिथं असताना टूरवाला कशाला? मी पहिल्यांदा गेलो ते असल्याच एका टूरवाल्याबरोबर, नाव घेत नाही, त्यानं निझवा, बहला, जबरीन तिन्ही किल्ले एका दिवसात उरकले, बहलाला तर बस उभी केली, फोटो काढा म्हणाला आणि पंधरा मिनिटांत परत बसा. घरी येऊन बघतो तर तिन्ही किल्ल्यांचे फोटो एकात एक मिसळलेले, कुठला कुठला कळेना. दुसऱ्यांदा भाच्याकडं गेलो तेव्हा खरं ओमान बघितलं.

जानेवारी चांगला, हवा आपल्या दिवाळीनंतरच्या हवेसारखी असते, उन्हाळ्यात मात्र पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा नावच काढू नका. मस्कतला दोन दिवस पुरे. त्यातली एक सकाळ सुलतान काबूस ग्रँड मशिदीला. ती २००१ मध्ये उघडली, आतला गालिचा ७० मीटर लांब ६० मीटर रुंद, वजन २१ टन, सहाशे बायकांनी चार वर्षं विणला. बिगरमुस्लिमांना सकाळी ८ ते ११ एवढ्याच वेळात सोडतात आणि शुक्रवारी अजिबात नाही. मी सव्वाअकराला पोचलो होतो, गेटवरूनच परत. बायकांनी डोकं, हात, पाय झाकलेले हवेत, तुमची साडी चालेल पण वर फुल बाह्यांचं काहीतरी घाला आणि डोक्याला ओढणी. सरांना फुल पँट. जुन्या मस्कतला राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेवाचं मंदिर आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनं, तिथंही जाऊन या.

मग गुरुवारी संध्याकाळी निझवा गाठा. दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, म्हणजे बेळगाव-कोल्हापूरपेक्षा बरंच जास्त, पण रस्ता असा की दीड-पावणेदोन तासांत पोचता. गुरुवारच का, तर शुक्रवारी सकाळी किल्ल्याजवळ शेळ्यांचा बाजार भरतो. आपल्याकडं जनावर बांधलेलं असतं आणि गिऱ्हाईक फिरतं, तिथं उलटं, गिऱ्हाईक गोल करून बसलेलं आणि विकणारा शेळी ओढत गोल गोल फिरत भाव ओरडतोय, कुणी हात केला की थांबायचं, तो दात बघणार, कास चाचपणार, पटलं नाही की पुढं. रुमालाखाली बोटं धरायची भानगड नाही, सगळं उघड्यावर. पांढऱ्या झग्यातले म्हातारे कमरेला खंजीर लावून आलेले असतात, आणि आपल्या बाजारातल्या म्हाताऱ्यांसारखेच शेळी घ्यायची नसली तरी भाव पाडून बघतात! नऊ-साडेनऊला सगळं आटोपतं, म्हणून मुक्काम तिथंच हवा. दोन रात्री करा.

आता किल्ला. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफनं बांधला, बारा वर्षं काम चाललं म्हणतात. त्याचा गोल बुरूज सुमारे तीस मीटर उंच आहे, वर जायचा जिना मुद्दाम वाकडा, मध्ये मध्ये जाड लाकडी दारं आणि प्रत्येक दाराच्या वर छताला फट. त्या फटीतून शत्रूच्या डोक्यावर उकळतं काय ओतायचे माहितीय? तेल नाही, खजुराची काकवी! तेल खाली ओघळून जातं, काकवी चिकटते.

ही काकवी काढायची खोली मात्र नीट बघा, तिच्यासाठी बुरूज चढावा लागत नाही, तुम्ही खालीच थांबा आणि सरांना वर पाठवा. अंधारी खोली, फरशी सपाट नाही, ओळीनं उंचवटे आणि त्यांच्यामध्ये पन्हाळीसारख्या खाचा. त्यावर खजुराची पोती छतापर्यंत रचायची. वरच्या पोत्यांच्या वजनानं खालचा खजूर चेपतो, रस खाचांतून वाहत भिंतीकडच्या रांजणात. आग नाही, चरक नाही, बैल नाही. मी वाकून खाचेवर बोट फिरवलं, अजून गुळगुळीत लागते. गुळाच्या मुलखातला माणूस असल्यामुळं असेल, पण मला त्या बुरुजापेक्षा ही खोली जास्त आवडली.

शनिवारी बहला आणि जबरीन, दोन्ही जवळ जवळ आहेत. बहलाचा किल्ला दगडी पायावर मातीच्या विटांचा, गावाभोवती सुमारे बारा किलोमीटरची तटबंदी. युनेस्कोच्या यादीत तो १९८७ ला आला आणि पडझड एवढी की पुढच्याच वर्षी धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेला, बाहेर निघाला तो २००४ ला. जबरीन किल्ल्यापेक्षा वाड्यासारखा, छतांवर रंगवलेली फुलंवेली. वर जायला जिने आहेत, घाई करू नका. एवढंच करा, चार दिवसांत एवढं पुरे.

प्रश्न: माझी चिकोडीकडं शेती आहे. ओमानमध्ये फलज नावाचा कॅनॉल असतो असं वाचलं. वाळवंटात पाणी कुठून येतं? आणि भांडणं होत नाहीत का?

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण फलज बघायला टूरवाले पाच मिनिटं देतात आणि खरं बघायचं तेच आहे. फलज एकवचन, अनेकवचन अफलाज, आणि शब्दाचा अर्थच मुळी वाटे करणं. डोंगराच्या पोटातलं पाणी शोधायचं, तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढायचा आणि त्याला अगदी हलका उतार द्यायचा, पंप नाही मोटार नाही, पाणी आपलं आपण वाहत येतं. मध्ये मध्ये माती काढायला आणि साफसफाईला उभे विहिरीसारखे खड्डे. आपल्या विजापूरची सुरंग बावडी किंवा बिदरचा करेझ बघितला असेल तर कल्पना येईल. या जातीला तिकडं दाऊदी म्हणतात, कारण गोष्ट अशी की दाऊदचा मुलगा सुलेमान तिथं आला आणि त्याच्या हुकमानं जिन लोकांनी दहा दिवसांत दहा हजार फलज खोदले. बाकीच्या दोन जाती म्हणजे झऱ्यातून येणारी आणि ओढ्याचं पाणी वळवलेली. आजही तीन हजारच्या आसपास फलज चालू आहेत, त्यातले पाच २००६ ला युनेस्कोनं यादीत घेतले. निझवाजवळचा दारिस त्यातलाच, बिरकत अल मौझ गावातला खतमैन पण.

गावात पाणी उघड्यावर आलं की पहिला मान पिण्याच्या पाण्याचा, मग मशीद, मग आंघोळीच्या जागा, मग खजुराच्या बागा, आणि उरलं तर हंगामी पीक. दुष्काळ पडला तर हंगामी पीक सोडून द्यायचं पण खजूर वाचवायचा. वाटणी पाण्याच्या मापानं नाही, वेळेनं. अथर म्हणून एक माप आहे, साधारण अर्ध्या तासाचं. दिवसा काठीच्या सावलीवरून मोजायचे, रात्री ताऱ्यांवरून, आता हातात घड्याळं आहेत. म्हणजे पाळीच की ओ! फरक एवढा की तिथं काही पाळ्या फलजच्या स्वतःच्या नावावर असतात, त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून दुरुस्ती. बघणाऱ्याला वकील म्हणतात, कोर्टातला नव्हे, पाण्याचा. भांडणं होतच असणार, पाणी आहे म्हटल्यावर.

मिसफात अल अब्रियीन म्हणून डोंगरातलं गाव आहे, तिथं पाटाच्या कडेनं चालत जाता येतं. एक पोरगा दारं धरायला आला होता. चिंधी गुंडाळलेला दगड उचलला, या पाटाच्या तोंडातून काढून त्या पाटाच्या तोंडात बसवला, पायानं दाबला आणि मोबाईल बघत बसला. आपल्याकडं पोत्याचा बोळा आणि ढेकूळ, तिथं चिंधी आणि दगड. अर्धा तास मी पाण्यात पाय सोडून बसलो, बारके मासे तळव्याला गुदगुल्या करतात.

प्रश्न: मी टिळकवाडीत राहतो, कॉलेजला हिस्ट्री आहे. गोव्याचा आणि मस्कतचा काही संबंध आहे काय?

आहे की. एकच माणूस, पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्क. १५०७ ला त्यानं मस्कत घेतलं आणि १५१० ला गोवा. मस्कत पोर्तुगीजांकडं १६५० पर्यंत राहिलं, गोवा मात्र १९६१ पर्यंत. मस्कतच्या बंदरावरचे जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले त्यांनी १५८० च्या दशकात उभे केले, राजवाड्याच्या दोन्ही अंगाला अजून उभे आहेत, बाहेरूनच छान दिसतात. नंतर ओमानींनी उलट पाठलाग करत १६७४ ला आपल्या वसईवर हल्ला केला.

त्याआधीचा धागा घोड्यांचा. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला अरबी घोडे लागायचे, ते समुद्रमार्गे गोव्यासारख्या बंदरांत उतरायचे. बहमनींचा वजीर महमूद गावान, त्यानं १४७२ ला त्यांच्यासाठी गोवा घेतला आणि लगोलग आपल्या बेळगावच्या किल्ल्यावर आला, त्यामागं बंदराची वाट हातात ठेवायची हे गणित होतंच. ओमानमधलं कलहात हे घोडे पाठवणाऱ्या बंदरांपैकी एक, मार्को पोलोनं त्याबद्दल लिहिलंय. आता तिथं बीबी मरियमची कबर आणि पडके दगड आहेत, २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत. जायच्या आधी आत सोडतात काय विचारून घ्या, आणि जायच्या आधी आपला किल्लाही एकदा नीट बघा, त्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, १२०४ ची आहे आणि रोज तिच्यासमोरून गाड्या हाकता.

प्रश्न: सुनेच्या माहेरी मस्कतला फराळ न्यायचाय, चालेल ना? (वडगाव)

चिवडा, शंकरपाळी चालेल. अनारसे नेऊ नका! खसखस आखाती देशांत अंमली पदार्थात धरतात, त्यापायी माणसं खरोखर आत गेलीत. मसाल्यात खसखस असेल तर तोही नको. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. आपला बेळगावचा कुंदा न्या, खुशाल न्या, आणि येताना ओमानी हलवा आणा, केशर, गुलाबपाणी, तूप, वेलची, चमच्याला लोंबकळतो. कुंद्यापेक्षा चांगला आहे का विचारू नका, मला याच गावात राहायचंय. तिथं कुणाच्या घरी बिनसाखरेची कॉफी देतील, बारीक कपात, कप रिकामा झाला की परत भरतात, पुरे झालं की कप हातात हलकासा डावी-उजवीकडं हलवायचा. मला माहीत नव्हतं, सात कप प्यालो.

प्रश्न: सलालाह जून ते सप्टेंबर हिरवंगार असतं म्हणे. जावं काय? (खानापूर)

तुम्ही? जांबोटीच्या पावसात राहून? पाऊस बघायला विमानाचं तिकीट काढू नका. धूप बघायला जायचं असेल तर जावा, धूपाची म्हणजे लोबानाची झाडं त्याच भागात, आणि ज्या बंदरांतून तो धूप जगभर जायचा त्यांचे अवशेष २००० पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पण तेव्हा हिवाळ्यात जावा.

प्रश्न: आजोबा मस्कतला होते. त्यांच्या पेटीत भारतीय नोट सापडली, पण रंग वेगळाच आहे. खोटी असेल काय? (निपाणी)

बहुतेक खरी आहे. ओमानमध्ये १९७० पर्यंत रुपया चालायचा, आणि १९५९ ला रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, गल्फ रुपी म्हणायचे त्यांना. तिथल्या सुट्ट्या पैशाला आजही बैसा म्हणतात, म्हणजे आपला पैसाच, अरबीत प नाही म्हणून ब झाला. हजार बैसाचा एक रियाल. नोटेचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.