झर्क्सीसचा गेंडा आणि स्पार्टाचे गुलाम

प्राचीन युद्धांवरील चित्रपटांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे झॅक स्नायडर यांच्या ‘३००’ या चित्रपटाभोवतीच फिरत असल्याने या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा, म्हणजे आजच्या इराणचा, सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून आला, तेव्हा थर्मोपिलीच्या चिंचोळ्या वाटेवर स्पार्टाचा राजा लिओनिडास याने त्याची फौज तीन दिवस अडवून धरली आणि तो तिथेच पडला, त्याची ही कथा. फ्रँक मिलर यांच्या १९९८ सालच्या चित्रकादंबरीवर आधारलेला हा चित्रपट जवळजवळ सगळा मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत रंगीत पडद्यापुढे चित्रित झाला आणि मार्च २००७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला.

प्रश्न : या चित्रपटातील घटना नव्वद टक्के खऱ्या आहेत, असे खुद्द दिग्दर्शकाने म्हटल्याचे वाचनात आले. ते कितपत मान्य करावे? (एक वाचक, नाशिक)

तसे ते म्हणाले होते हे खरे. मात्र इतिहास टक्केवारीत मोजायचा ठरवला, तर मोजणाऱ्याच्या सोयीचा आकडा हमखास निघतो. कथेचा सांगाडा प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या ग्रंथातील सातव्या भागातून आलेला आहे, हे नि:संशय. कार्निया नावाच्या सणामुळे स्पार्टाची मुख्य फौज बाहेर न पडणे, लिओनिडासने तीनशे निवडक माणसे घेऊन निघणे, डोंगरातल्या आडवाटेची खबर एफिआल्टीसने शत्रूला देणे आणि त्या वाटेने झर्क्सीसच्या ‘अमर’ नावाच्या निवडक पथकाने पिछाडीला उतरणे, हे सारे तिथे आहे. गंमत अशी की, प्रेक्षकाला जे संवाद हमखास पटकथाकाराचे वाटतात तेच जुने आहेत. बाणांनी सूर्य झाकला जाणार असेल तर आपण सावलीत लढू, हे उत्तर हिरोडोटस डिएनेकीस नावाच्या स्पार्टन योद्ध्याच्या तोंडी देतो. आणि शस्त्रे टाका असे सांगणाऱ्याला ‘या आणि घेऊन जा’ असे लिओनिडासने ठणकावल्याचे ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, अर्थात लढाईनंतर पाच शतकांहून अधिक काळ लोटल्यावर.

आता खोट्याकडे वळू. गेंडा, हत्ती आणि हातांच्या जागी पाती असलेला जल्लाद यांवर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. स्पार्टन सैनिक उघड्या छातीने लढत नसत. अंगावर चिलखत, डोक्यावर काशाचे शिरस्त्राण आणि डाव्या हातात सहा-सात किलो वजनाची गोल ढाल असे. एफिआल्टीस हा टाकून दिलेला, व्यंग असलेला स्पार्टन नव्हता, तर त्याच मुलखातला, बक्षिसाच्या आशेने आलेला एक सामान्य माणूस होता. स्पार्टात एक नव्हे तर दोन राजे एकाच वेळी असत, आणि चित्रपटात डोंगरावर राहणारे, अंगावर फोड आलेले लंपट पुजारी म्हणून जे ‘इफोर’ दिसतात ते प्रत्यक्षात नागरिकांनी दर वर्षी निवडून दिलेले पाच अधिकारी होते, ज्यांच्यापुढे राजांनाही जाब द्यावा लागे.

संख्येचेही तेच. खिंडीत आलेल्या ग्रीकांची एकूण संख्या सात हजारांच्या आसपास होती. शेवटच्या दिवशी, पिछाडी तुटल्याचे कळल्यावर बाकीची पथके परत गेली, तरी स्पार्टन लोकांबरोबर थेस्पिया या लहानशा नगराचे ७०० जण स्वखुशीने थांबले आणि मारले गेले. थीब्जचे ४०० जणही मागे राहिले होते. थेस्पियाचे नाव चित्रपटात ऐकूही येत नाही. दुसऱ्या बाजूच्या आकड्यांबाबत मात्र स्नायडर यांना दोष देऊ नये, कारण नोकरचाकर धरून झर्क्सीसची फौज ५२ लाखांवर नेणारा हिरोडोटसच आहे. आजचे अभ्यासक ती साधारण एक ते तीन लाखांच्या दरम्यान धरतात.

प्रश्न : एका पडद्यावरच्या गोष्टीवरून इराण सरकारने एवढा गहजब का केला? माझ्या एका पारशी स्नेह्यालाही हा चित्रपट अपमानकारक वाटला होता. (एक वाचक, दादर, मुंबई)

वेळ फार वाईट होती, हे पहिले कारण. चित्रपट अमेरिकेत ९ मार्च २००७ रोजी लागला. इराणी नववर्ष, नवरोज, तोंडावर आले होते, आणि २४ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने अणुकार्यक्रमावरून इराणवरील निर्बंध आणखी कडक केले. शेजारच्या इराकमध्ये अमेरिकी फौजा होत्या. अशा वातावरणात पाश्चात्त्य स्वातंत्र्यवीर आणि पूर्वेकडून आलेले विद्रूप टोळके अशी मांडणी पडद्यावर आली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांच्या कलाविषयक सल्लागाराने तिला मानसशास्त्रीय युद्ध म्हटले, आणि हॉलिवुडने इराण्यांविरुद्ध युद्ध पुकारल्याचे मथळे तेहरानमध्ये झळकले. इराणच्या कला अकादमीने युनेस्कोकडे तक्रार केली. चित्रपट कंपनीचा खुलासा असा की, ही कल्पित कथा असून कोणत्याही संस्कृतीची मानहानी करण्याचा तिचा हेतू नाही.

यातला विरोधाभास मोठा मजेदार आहे. १९७१ मध्ये इराणच्या शाहने पर्सेपोलिस या प्राचीन पर्शियन राजधानीच्या अवशेषांपाशी राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा डोळे दिपवणारा सोहळा केला, तेव्हा परागंदा असलेल्या खोमेनींनी त्याचा कडक निषेध केला होता. आणि त्यांनीच स्थापन केलेले इस्लामी प्रजासत्ताक २००७ मध्ये त्याच राजेशाहीतील झर्क्सीसची अब्रू राखायला धावले. परंतु तेवढ्यावरून हा सारा सरकारी कांगावा होता असे ठरवणे चुकीचे होईल, कारण परदेशात राहणाऱ्या आणि या राजवटीविषयी मुळीच प्रेम नसणाऱ्या इराण्यांनीही निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या होत्या.

आपल्या स्नेह्यांना वाटले त्याला तर राजकारणाचीही गरज नाही. पर्सेपोलिसच्या शिल्पांत सम्राट दिसतो तो लांब, कुरळ्या, नीट विंचरलेल्या दाढीचा, पायघोळ वस्त्रातला, सिंहासनावर शांत बसलेला. चित्रपटातला झर्क्सीस आठ-नऊ फुटी, गुळगुळीत डोक्याचा, साखळ्या आणि टोचण्यांनी मढलेला आणि जवळजवळ उघडा आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील अग्यारीच्या दाराशी मनुष्यमुखी, पंखधारी बैल ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्या घराण्यांच्या मनात प्राचीन इराणची जी प्रतिमा आहे तिच्याशी या रूपाचे दूरचेही नाते नाही.

प्रश्न : संपूर्ण गोष्ट डिलिओस नावाचा सैनिक पुढच्या लढाईपूर्वी सोबत्यांना सांगतो आहे. मग अतिशयोक्ती ही त्याची, दिग्दर्शकाची नव्हे. इतिहासकारांची तक्रार निरर्थकच नाही का? (एक वाचक, सोलापूर)

हा चित्रपटाच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो अर्धा मान्यच आहे. सैनिकांना चेव आणणारा निवेदक शत्रूला राक्षस करणारच. गेंडा त्याच्या खाती टाकून आपण मोकळे होऊ शकतो. मात्र काय वाढवले एवढेच पाहून भागत नाही, काय गाळले तेही पाहावे लागते, आणि इथे गाळलेल्या गोष्टी सगळ्या एकाच दिशेच्या आहेत. स्पार्टा म्हणजे स्वातंत्र्य आणि पर्शिया म्हणजे गुलामी, ही रेघ पुसट करणारी प्रत्येक गोष्ट कथेतून गेली आहे.

एक प्रसंग घ्या. वाटेत अर्केडियाचे लोक भेटतात आणि एवढीच माणसे आणलीत का, असे विचारतात. त्यावर लिओनिडास त्यांच्यातल्या एकेकाला धंदा विचारतो. कुणी कुंभार निघतो, कुणी मूर्तिकार, कुणी लोहार. मग तो आपल्या माणसांना तोच प्रश्न करतो आणि उत्तरादाखल भाल्यांसह गर्जना उठते. आम्हीच जास्त सैनिक आणले, असे तो हसून सांगतो. प्रसंग झकास जमला आहे आणि चित्रपटगृहांत त्याला टाळ्या पडतात. पण या तीनशे जणांना दुसरा धंदा का नव्हता? कारण त्यांची शेते हेलट नांगरत होते. हेलट म्हणजे स्पार्टाने जिंकून जमिनीला बांधलेले गुलाम. त्यांची संख्या नागरिकांच्या कितीतरी पट होती, आणि त्यांच्यावर इफोर दर वर्षी रीतसर युद्ध जाहीर करत, जेणेकरून हेलटाला मारल्याचे पाप लागू नये, असे प्लूटार्क ॲरिस्टॉटलच्या हवाल्याने सांगतो. पुढच्याच वर्षी प्लातियाच्या लढाईत प्रत्येक स्पार्टन सैनिकामागे सात हेलट होते, असा हिरोडोटसचा हिशेब आहे. थर्मोपिलीच्या प्रेतांतही हेलट होते. चित्रपटभर स्वातंत्र्याचा घोष चालतो आणि हेलट एकदाही दिसत नाही. डिलिओसने त्यांना वगळणे समजू शकते, कारण तो स्पार्टन आहे. ते चित्रपटानेही का वगळावे, हा माझा प्रश्न आहे.

विहिरीचा प्रसंग त्याहून बोलका आहे. शरणागतीची खूण म्हणून पाणी आणि माती मागायला आलेल्या पर्शियन दूताला लिओनिडास लाथ मारून विहिरीत पाडतो, आणि तीच आज या चित्रपटाची ओळख होऊन बसली आहे. हिरोडोटसच्या मते ही घटना दहा-एक वर्षे आधीची, झर्क्सीसच्या बापाच्या, दारियसच्या वेळची. दूताला मारणे हे ग्रीकांच्या लेखीही घोर पाप असल्याने स्पार्टात अपशकुन होऊ लागले, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून स्पर्थियास आणि बुलिस हे दोन खानदानी स्पार्टन आपले प्राण द्यायला सूसा या पर्शियन राजधानीतील दरबारात गेले. झर्क्सीसने त्यांना मारले नाही. स्पार्टाने जो दोष केला तो आपण करणार नाही आणि तुम्हाला मारून तुमच्या लोकांना पापमुक्तही करणार नाही, असे त्याने सुनावल्याचे हिरोडोटस लिहितो. हाच झर्क्सीस, पिथियस नावाच्या श्रीमंत माणसाने पाचपैकी थोरला मुलगा लढाईतून वगळावा अशी विनंती केली, तेव्हा त्या मुलाचे दोन तुकडे करून वाटेच्या दोन बाजूंना ठेवायला लावतो आणि मधून फौज नेतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखकाला शत्रूचा राजा एकाच वेळी थोर आणि भयानक दाखवता आला. त्या मानाने एकविसाव्या शतकातला झर्क्सीस फारच सपाट आहे.

आणि देमारातस? पदच्युत होऊन पर्शियाला गेलेला हा स्पार्टाचा माजी राजा या स्वारीत झर्क्सीसच्या शेजारी सल्लागार म्हणून होता. स्वारीची खबर लाकडी पाटीवर कोरून वर मेण ओतून त्यानेच स्पार्टाला गुपचूप पोहोचवली, आणि मेण खरवडून पाहा हे सुचले ते लिओनिडासची राणी गोर्गो हिला. चित्रपटात गोर्गोला मात्र एका काल्पनिक फितुराशी झुंजवले आहे. खरी हकीकत जास्त चित्रपटीय होती, असे मला राहून राहून वाटते.

प्रश्न : मग दिग्दर्शकाचा हेतू अमेरिकी युद्धनीतीचा प्रचार हाच होता असे म्हणायचे का? (एक वाचक, पणजी)

तसे म्हणायला पुरावा नाही. मूळ चित्रकादंबरी इराक युद्धाच्या पाच वर्षे आधीची आहे, आणि मिलर यांना या विषयाचे वेड लागले ते लहानपणी पाहिलेल्या १९६२ सालच्या एका थर्मोपिलीपटामुळे. स्नायडर यांना तर पत्रकारांनी विचारले होते की, जॉर्ज बुश म्हणजे लिओनिडास की झर्क्सीस? प्रचंड साम्राज्य लहान देशावर चालून जाते, असेही ही कथा वाचता येतेच. मात्र हेतू नसला म्हणून उपयोग टळत नाही. ग्रीसमधील ‘गोल्डन डॉन’ हा अतिउजवा पक्ष थर्मोपिलीला मेळावे भरवत असे. ‘या आणि घेऊन जा’ हे वाक्य अमेरिकेत बंदूक बाळगण्याच्या हक्काची घोषणा झाले आहे, आणि ते चित्रपटाच्या आधीपासून.

प्रश्न : झर्क्सीसच्या सैन्यात भारतीय होते हे खरे आहे काय? (एक विद्यार्थिनी, लातूर)

होय. सिंधू नदीच्या परिसरातील काही प्रांत तेव्हा पर्शियन साम्राज्यात होते. सुती कपडे घातलेले, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकाचे वेताचे बाण बाळगणारे भारतीय सैनिक हिरोडोटसने फौजेच्या यादीत नोंदवले आहेत. गांधार प्रांताचे पथक त्याने वेगळे दिले आहे. सम्राट माघारी गेल्यावर सेनापती मार्डोनियसने मागे ठेवून घेतलेल्या निवडक सैन्यातही भारतीय होते.

प्रश्न : पावनखिंडीला ‘महाराष्ट्राची थर्मोपिली’ म्हणणे योग्य आहे का? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

अरुंद वाट, मूठभर माणसे, मागून येणारी मोठी फौज आणि परंपरेने सांगितलेला तीनशेचा आकडा, एवढ्यापुरते साम्य आहे. पण जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले ते शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत सिद्दी मसूदला रोखण्यासाठी, आणि ते काम पुरे झाले. थर्मोपिलीची वाट तिसऱ्या दिवशी पडली, त्यानंतर पर्शियन फौजेने अथेन्स जाळले, आणि ग्रीस वाचला तो सॅलमिसच्या सागरी लढाईत व प्लातियाला. परिणामांच्या दृष्टीने बाजीप्रभूंचे पारडे जड आहे. उसन्या नावाची त्यांना गरज नाही.

प्रश्न : याचा दुसरा भाग पाहण्याजोगा आहे काय? (एक वाचक, ठाणे)

करमणूक म्हणून पाहा. इतिहासाच्या बाबतीत तो पहिल्याच्याही पुढे गेला आहे. २०१४ च्या या भागात झर्क्सीसच्या स्वारीच्या दहा वर्षे आधी झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईत अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याचा बाण दारियसला लागतो. दारियस मॅरेथॉनला आलाच नव्हता. तो चार वर्षांनी, इ.स.पू. ४८६ मध्ये, आजारपणाने वारला. सूडाने पेटलेली आर्टेमिसिया यात अखेर थेमिस्टोक्लीसच्या हातून मरते. खरी आर्टेमिसिया हॅलिकार्नॅससची राणी होती, म्हणजे हिरोडोटसच्याच गावची, आणि त्याने तिच्याविषयी उघड कौतुकाने लिहिले आहे. सॅलमिसला समुद्रावर लढू नका, असे झर्क्सीसला स्पष्ट सांगणारी ती एकटीच होती. तिचे ऐकले गेले नाही. ती मात्र लढाईतून निसटली, आणि पराभवानंतर सम्राटाने सोबत आणलेल्या आपल्या मुलांना इफेससला सुखरूप पोहोचवण्याचे काम तिच्यावरच सोपवले.