कट हुकला की घरी काय सांगायचं?

या खेपेला गोल्फवरची चार पत्रं आली. नाशकातून गोल्फवर चार पत्रं म्हणजे पूरच म्हणायचा. एरवी सदर क्रिकेट आणि गुडघेदुखीवर चालतं. मी स्वतः काही वर्षं पैशासाठी गोल्फ खेळलो आणि नंतर बरीच वर्षं शिकवला, म्हणून संपादकांनी चारही पत्रं माझ्याकडे सरकवली. नवख्यांसाठी एवढंच : गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, आणि पट म्हणजे तिथून चेंडू भोकात घालायचा हलका फटका. कट म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतरची रेषा, तिच्या मागे राहिलेले स्पर्धेतून बाहेर.

प्रश्न : २०२४ची यूएस ओपन मी रात्र जागून पाहिली. रोरी मॅकिलरॉयने शेवटच्या तीन होलांत दोन अगदी छोटे पट घालवले आणि एका फटक्याने हरला. एवढे पट आमच्या सोसायटीतली पोरंसुद्धा घालतील. कोट्यवधी कमावणाऱ्याला अडीच फूट जमत नाहीत? (एक वाचक, कॉलेज रोड)

सोसायटीतली पोरं घालतील, हे खरं आहे. त्यांच्या पटवर काहीच अवलंबून नसतं म्हणून घालतील.

ती स्पर्धा झाली त्या पाइनहर्स्टला सोळाव्या होलवरचा पट अडीच फुटांचा होता, अठराव्यावरचा चार फुटांच्या आतला. तिथली ग्रीन उपड्या परातीसारखी, कडेला उतरती. तरी अडीच फूट म्हणजे अडीच फूटच. त्या मोसमात तोवर तीन फुटांच्या आतला एकही पट त्याने सोडला नव्हता. त्यामुळे हाताला ते येत नव्हतं असं म्हणताच येणार नाही.

तुमच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले असतील तर आठवा. रोज दहा कप चहा घेऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येणारी मुलगी त्या दिवशी ट्रे घेऊन निघते आणि कपबशा वाजायला लागतात. का? रोज ती चालत असते. त्या दिवशी ती स्वतःला चालवत असते. पटचंही तसंच. जे मनगट लाखो वेळा आपोआप हललं, त्याला आज सूचना द्यायला गेलं की ते अडखळतं. काहींचा तर हा कायमचा आजार होतो, त्याला यिप्स म्हणतात. बर्नहार्ड लँगरसारख्या दोनदा मास्टर्स जिंकलेल्या माणसाला त्याने वर्षानुवर्षं छळलं. पटर, म्हणजे पट मारायची काठी, धरायच्या नाना तऱ्हा करत तो त्यातून वाट काढत राहिला.

मॅकिलरॉय त्या दिवशी पत्रकारांशी एक शब्द न बोलता गाडीत बसून निघून गेला. लोकांनी नावं ठेवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. २०११च्या मास्टर्समध्ये चार फटक्यांची आघाडी घेऊन रविवारी त्याने ८० मारले होते, आणि दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली होती. २०१४नंतर मात्र मोठी स्पर्धा अकरा वर्षं हाती लागली नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये मास्टर्स जिंकली, तीही कशी? अठराव्या होलवर साधारण पाच फुटांचा पट घातला असता तर तिथेच जिंकला असता. चुकला. मग बरोबरीत आलेल्या जस्टिन रोजबरोबर निकालाची जादा लढत, म्हणजे प्लेऑफ, त्याच होलवर परत, आणि या वेळी चार फुटांच्या आसपासचा पट आत. मधल्या अर्ध्या तासात त्याचा खेळ काही सुधारला नव्हता.

प्रश्न : आपल्या 'गोल्फ क्लब' मैदानावर गोल्फ कधी खेळतात? (शाळकरी वाचक, पंचवटी)

खेळत नाहीत, बेटा. ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात आणि पहाटे अर्धं नाशिक चालायला येतं. पण रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हटलं तरच पटकन कळतं. मी पहिल्यांदा नाशिकला राहायला आलो तेव्हा बॅग खांद्याला लावून तिथे गेलो होतो. पुढचं विचारू नकोस.

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी व्यावसायिक झाला. पहिल्या मोसमात दोनदा पहिल्या दहांत आला. यंदा आठ स्पर्धांपैकी सहांत कट हुकला. कोच बदलला, तीन पटर बदलले, आता स्विंगच, म्हणजे फटका मारायची पद्धतच, नव्याने बसवतोय. सातपूरला माझं लहान युनिट आहे, एक मशीन विकून त्याला खेळवतो. रोज संध्याकाळी फोन करतो, तर आजकाल तो उचलत नाही. फॉर्म परत येईल का? किती वाट पाहायची? (एक वडील, सातपूर)

साहेब, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आधी माझं सांगतो. माझे वडील दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. मामा देवळाली कॅम्पात नोकरीला, त्याच्याकडे सुट्टीत जाऊन मी साहेब लोकांच्या बॅगा उचलायचो, त्यातून हा खेळ लागला. पुढे व्यावसायिक झालो. तेव्हा मोबाइल नव्हते. स्पर्धेच्या गावातून एसटीडी बूथवरून फोन लावायचा आणि लाल आकडे पळताना बघत बोलायचं. वडील एकच विचारायचे, "किती मिळाले?" द्राक्षाच्या माणसाला दुसरं काय सुचणार, गाडी मार्केटला गेली की तो हेच विचारतो. एकदा दोन दिवसांच्या ३६ होलनंतर एका फटक्याने माझा कट हुकला. शेवटच्या ग्रीनवर बारा फुटांवरून मला दोनांत उरकायचं होतं. कॅडीला, म्हणजे बॅग उचलणाऱ्या सोबत्याला, विचारलं, "कट कितीवर जाईल?" त्याने सांगितलं आणि मी तीन पट घेतले. बूथवर गेलो. वडिलांनी विचारलं. मी म्हणालो, "आठ हजार."

मिळाले होते शून्य. कट हुकला की बक्षिसाचा रुपया नाही, उलट प्रवास, खोली, कॅडी सगळं आपल्या खिशातून. मित्राकडून आठ हजार उसने घेतले आणि घरी पाठवले. पुढच्या स्पर्धेत पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, उभा राहिलो तेव्हा माझ्यापुढे फेअरवेची हिरवळ नव्हती, आठ हजार होते. तीही गेली. त्याच्या पुढचीही.

तुमचा मुलगा फोन का उचलत नाही, हे मला असं माहीत आहे.

आता फॉर्म. दोन दिवसांत खेळाडू साधारण १४० फटके मारतो. कट हुकणारा आणि कट पार करणारा यांच्यात बहुतेक वेळा एक-दोन फटक्यांचं अंतर असतं. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेच्या नेहमीच्या स्पर्धांत पहिले ६५ आणि ६५व्याशी बरोबरीत असणारे पुढे जातात, आणि त्या रेषेवर माणसांची नुसती खेचाखेच असते. दुसरा एक आकडा लक्षात ठेवा. जगातले उत्तमोत्तम खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. म्हणजे नाणेफेक. एका मोसमात नाणं जरा जास्त वेळा उलटं पडलं, की घरचे म्हणतात फॉर्म गेला.

म्हणून रँक आणि रक्कम बाजूला ठेवून त्याला एकच हिशेब मागा : गेल्या वर्षी एका फेरीत ठरलेल्या फटक्यांत (म्हणजे दोन पट हाताशी राखून) किती ग्रीन गाठत होता आणि यंदा किती गाठतो. आकडा तेवढाच असेल तर त्याच्या खेळाला काही झालेलं नाही. घसरला असेल तर मात्र बिघाड खरा, आणि तो पटरमध्ये नाही.

मला काळजी वाटते ती त्या बदलांची. तुम्ही मशीनवरचे माणूस आहात. जॉब आउट जायला लागला तर तुम्ही टूल, चक आणि प्रोग्रॅम एकाच दिवशी बदलता का? एक ऑफसेट हलवता, एक पीस काढता, मायक्रोमीटर लावता. तिन्ही एकदम बदलले आणि जॉब बरोबर आला तरी कशाने आला ते कळत नाही. नाही आला, तर मग देवच तारणार. तुमचा मुलगा कोच, पटर आणि स्विंग एकाच मोसमात बदलतोय.

इयन बेकर-फिंच नावाचा ऑस्ट्रेलियन. १९९१ची ब्रिटिश ओपन जिंकला. मग आणखी लांब मारायच्या हव्यासात आपला चांगला चालणारा स्विंग उसवत गेला. १९९५ला सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या टीवरून, जिथला फेअरवे क्रिकेटच्या मैदानाएवढा रुंद आहे, त्याचा चेंडू डावीकडे हद्दीबाहेर गेला. १९९७ला ट्रूनला त्याच ओपनमध्ये त्याने ९२ मारले, आणि स्पर्धा खेळणं सोडलं. डेव्हिड ड्युव्हल १९९९मध्ये जगात पहिला होता. २००१ची ब्रिटिश ओपन जिंकला आणि त्यानंतर पीजीए टूरवर एकही विजेतेपद नाही. त्याची पाठ दुखावली होती हेही खरं. पण फॉर्म शोधायला निघून घालवलेले मी माझ्या डोळ्यांनी जास्त पाहिलेत, नुसता गेला म्हणून संपलेले कमी.

किती वाट पाहायची? हा प्रश्न भावनेचा नाही, पैशाचा आहे, तेव्हा पैशासारखाच सोडवा. दिवाळीत तो घरी आला की एकदा बसा. एका कागदावर लिहा : अजून किती रुपये आणि कोणत्या महिन्यापर्यंत. दोघांनी सह्या करा, कागद कपाटात टाका. विकलेल्या मशीनचा उल्लेख त्या दिवशी करायचा, त्यानंतर नाही. तारीख माहीत असलेला मुलगा मोकळा खेळतो. 'बघू, तू खेळ' असं ऐकलेला मुलगा प्रत्येक गुरुवारी, स्पर्धा सुरू होते त्या दिवशी, शेवटची स्पर्धा खेळतो.

आणि संध्याकाळी फोन लागलाच तर विचारा, आज वारा कसा होता. त्याचं उत्तर तो खरं देईल.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, राज्य पातळीवर खेळते. पुढे याच खेळात जायचं म्हणते. मी बरोबर गेले की तिचा खेळ बिघडतो, नाही गेले तर रुसते. हरली की रात्री जेवत नाही. मी काय करू? (एक आई, इंदिरानगर)

जा.

टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक जागतिक क्रमवारीत २००वी असून शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या रेषेत होती, आणि एका फटक्याने चौथी आली. देशात त्या शनिवारी सकाळी कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिला. तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. रिओला, ती १८ वर्षांची असताना, वडिलांच्या. तेव्हा आईवडील जवळ असले की खेळ बिघडतो असा काही नियम नाही. जवळ राहून काय करतात, त्यावर आहे.

तुम्ही स्कोअर मोजता का? मोजत असाल तर थांबा. ती तुमच्या बोटांकडे बघत असते. प्रेक्षकांसाठी लावलेल्या दोरीच्या बाहेरून, तिच्या एक होल पुढे चालत राहा. अठरा होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर होतात, तेव्हा बूट चांगले घाला.

जेवणाचं म्हणाल तर स्कॉटी शेफलर आठवतो, सध्याच्या काळातला सगळ्यांत दबदब्याचा खेळाडू. २०२५च्या ब्रिटिश ओपनआधी तो पत्रकारांना म्हणाला होता, की जिंकल्याचा आनंद काही मिनिटंच टिकतो, मग घरच्यांना मिठी मारायची आणि पुढचा प्रश्न येतो रात्री काय जेवायचं. आणि मग त्या आठवड्यात तो चार फटक्यांनी जिंकला. तुमच्या घरी हरल्यावरही हाच प्रश्न त्याच वेळी, त्याच आवाजात येऊ द्या. त्या दिवशी मुद्दाम तिच्या आवडीचं करू नका, ते तिला लगेच कळतं. जे ठरलं होतं तेच, पिठलं तर पिठलं.

एक शेवटचं, हे मी बऱ्याच आयांना सांगितलंय. पट चुकला की मुली आधी चेंडूकडे बघत नाहीत, आईकडे बघतात. आईचा चेहरा पडलेला दिसला की पुढचे तीन होल गेले. तो चेहरा लपवणं कोणालाच जमत नाही, मलाही जमलं नाही. तेव्हा ती पटला उभी राहिली की तुम्ही खाली वाकून पिशवीतली पाण्याची बाटली शोधत राहा.