डीएलएलची नोंद निघाली, टाइप लायब्ररीची राहिली

रेगएसव्हीआर३२ने (विंडोजमध्ये डीएलएलची नोंद घालणारी-काढणारी कमांड) जुन्या डीएलएलची, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या कोडच्या फाइलची, नोंद काढली, ‘सक्सीडेड’ असा मेसेज आला, तरी व्हीबीएच्या (ऑफिसमधली मॅक्रोंची भाषा) रेफरन्सेसच्या यादीत जुनं नाव दिसतंच आहे, हे तुमचं वाचलं आणि माझे ते चार दिवस आठवले. अगदी हेच झालं होतं.

रेगएसव्हीआर३२ला /यू दिलं की ते डीएलएलमधलंच नोंद काढायचं फंक्शन चालवतं, स्वतः रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदींचा साठा) काही शोधत नाही. डीएलएल लिहिणाऱ्याने त्यात टाइप लायब्ररीची (डीएलएलमध्ये काय काय आहे याचं वर्णन, रेफरन्सेसमधलं नाव तिचंच) नोंद काढायची सोय केली नसेल, तर रजिस्ट्रीत टाइपलिबखालची की, म्हणजे तिची नोंद, तशीच राहते. मेसेज मात्र यशाचाच.

माझी खरी चूक क्रमाची होती. नवी डीएलएल जुनीवर कॉपी केली आणि मग /यू चालवलं. कंपोनंट, म्हणजे ती डीएलएल, व्हीबी६मधला, ‘नो कंपॅटिबिलिटी’ ठेवून बांधलेला, म्हणजे प्रत्येक बिल्डचे जीयूआयडी (नोंदीचे ओळख-क्रमांक) वेगळे. नव्या फाइलने स्वतःच्या नोंदी काढल्या. जुन्यांची तिला माहितीच नव्हती. ज्यांच्याकडून कंपोनंट घेतला त्यांच्या सपोर्टने तीन वेळा एकच सांगितलं, ‘अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका.’ टाइपलिबखाली काय दिसतंय, हे एकदाही विचारलं नाही. पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्यांनी एवढं तरी विचारायला हवं, असं मला आजही वाटतं. शेवटी बॅकअपमधली जुनी डीएलएल मूळ फोल्डरमध्ये परत ठेवली, तिच्यावरच /यू चालवलं, तेव्हा सुटका झाली.

डॉटनेटचा कंपोनंट असेल तर रेगअ‍ॅझमला (डॉटनेटची नोंदणीची कमांड) /यूसोबत /टीएलबीसुद्धा द्या, नुसत्या /यूने टाइप लायब्ररीची नोंद निघत नाही. ६४-बिट विंडोजवर ३२-बिटचं रेगएसव्हीआर३२ सिसवॉव६४मध्ये असतं आणि ६४-बिटचं सिस्टम३२मध्ये. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. आणखी एक, टाइपलिबखाली आवृत्ती हेक्समध्ये (सोळाच्या पायावरचे आकडे, दहासाठी ‘ए’) असते. १.१० शोधत असाल तर तिथे ‘१.ए’ दिसेल. माझा अर्धा दिवस त्यात गेला.

हाताने की उडवायला मी सांगणार नाही. उडवायचीच असेल तर आधी एक्सपोर्ट करा, आणि विन३२ किंवा विन६४खालचा पाथ तुमच्याच फाइलचा आहे ना, हे पाहा. नाव सारखं दिसलं म्हणून हात लावू नका. हे सगळं डीएलएलबद्दल. कंपोनंट ईएक्सई फाइल असेल, तर त्या ईएक्सई सर्व्हरला बहुधा /अनरेगसर्व्हर हा स्विच असतो.

जुनी डीएलएल अजून कुठे असेल तर ती आधी बाजूला काढून ठेवा, बाकीचं त्यानंतर.