दोन बोटं गेली, मालक 75 हजार देतात: सही करावी का?

प्रश्न: भोसरीत सात कामगारांच्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवतो. वय 35, पगार 18,000. सप्टेंबर 2025 मध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून तुटलं. दवाखान्याचं बिल मालकांनी भरलं, पण घरी बसलेल्या दोन महिन्यांचा पगार दिला नाही. आता स्टॅम्प पेपरवर ‘पूर्ण व अंतिम’ लिहून घेऊन 75,000 देतो म्हणतात. बायकोचे दागिने गहाण आहेत, व्याज चढतंय. घेऊ का?

उत्तर: पैसे घ्या, त्या कागदावर सही मात्र करू नका. तुमचा हक्क याच्या जवळजवळ पाचपट आहे.

आधी एक खात्री करा. पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) 0.75 टक्के कापले जात होते का? जात असतील तर भरपाई ईएसआय महामंडळ देतं आणि मालकावर वेगळा दावा चालत नाही. कंत्राटी माणसं धरून कामगारांची संख्या दहा किंवा त्याहून जास्त होत असेल, तरीही आधी ईएसआय कार्यालय गाठा. खरोखर सातच असाल तर 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो. त्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून आली, पण तुमचा अपघात त्याआधीचा आहे.

आता हिशेब. पगार 18,000 असला तरी कायदा 15,000 च धरतो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. वयाच्या 35 व्या वर्षाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार ठरलेला आकडा) 197.06. गुणाकार 17,73,540, ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात 20 टक्के नुकसान धरलंय, म्हणजे 3,54,708 रुपये. शिवाय घरी बसलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला 15,000 चे 25 टक्के, म्हणजे 3,750. दोन महिन्यांचे 15,000. एकूण 3,69,708.

उरलेली बोटं नीट वळत नसतील, मूठ आवळत नसेल, तर कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी ही वेगळी गोष्ट आहे. अनेक जण तीच पुढे करतात आणि दावा अडकतो.

दवाखान्याचं बिल या रकमेतून वजा करता येत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा असतो. ‘मशीनवरचा सुरक्षेचा गार्ड नव्हता, चूक तुझीच’ असं ते म्हणतील. नुसत्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. गार्ड तुम्ही जाणूनबुजून, स्वतःहून काढला असेल तरच तो मुद्दा टिकतो. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनेच काढायला लावला असेल, तर तेव्हा शेजारच्या मशीनवर कोण होतं ते आजच लिहून ठेवा.

75,000 चं काय? भरपाई किती यावर वाद असला तरी मालकाने स्वतःला मान्य असलेली रक्कम द्यावीच लागते, आणि ती घेतल्याने तुमचा पुढचा हक्क बुडत नाही. म्हणून रक्कम बँक खात्यात घ्या आणि पावतीवर ‘भरपाईपोटी आगाऊ’ एवढंच लिहा. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातलच ठरतो. पण तो कागद कोर्टात समोर आला की आधी त्याच्यावरच वाद घालत बसावं लागतं, तारखा वाढतात. तडजोड करायचीच असेल तर ती या कायद्याखालच्या आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवून घ्या. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम पाहतात. नोंदणी टाळली तर मालकावर पूर्ण रकमेची जबाबदारी राहते आणि दिलेल्या पैशांतले सहसा निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाहीत. हे त्यांना शांतपणे सांगा.

थांबण्याचं नुकसान वाटतं तेवढं नाही. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज लागतं. 3,54,708 वर सुमारे 42,565 रुपये. सबळ कारण नसताना उशीर केला तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. मालकांनी विमा काढला असेल तर मूळ रक्कम विमा कंपनी देईल, दंड मात्र त्यांच्याच खिशातून जाईल. त्यामुळे पॉलिसी आहे का, हे विचाराच. माझं मत: पूर्ण मूळ रक्कम लगेच मिळत असेल तर व्याज-दंड सोडून मोकळे व्हा. मुद्दलात मात्र एक रुपयाही सोडू नका.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे सप्टेंबर 2027. मालकांना लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. केसपेपरची पहिली नोंद वाचा: तिथे ‘मशीनमध्ये हात’ ऐवजी ‘घरी पडून’ लिहिलं असेल तर सगळा दावा डळमळतो, लगेच लेखी दुरुस्ती मागा. पगार रोख मिळत असेल तर पगाराबद्दलचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, हजेरीचे फोटो जपून ठेवा.

आगाऊ रकमेतून आधी दागिने सोडवा. उरलेले बाजूला ठेवा, कारण निकाल लागेपर्यंत घर त्यावरच चालवायचंय. आणि ‘मोठी रक्कम येणार आहे’ म्हणून कुणी उसने द्यायला पुढे आलं तर ध्यानात ठेवा: ही भरपाई गहाण टाकता येत नाही, आणि सावकाराला त्यावर जप्तीही आणता येत नाही.