मजुरीचं गणित: आधी दर शोध

मजुरीच्या गणितांसाठी तिरकस गुणाकार (दोन गुणोत्तरं समान मांडून तिरके आकडे गुणणं) पाठ केलास, चांगलंच. पण पेन उचलण्याआधी एक बघ: मजुरी भागिले तास, हे गुणोत्तर प्रत्येक वेळी तेच येतं का? येत असेल तरच ते समचलन, म्हणजे तास जितक्या पट तितक्याच पट मजुरी. तो न बदलणारा आकडा म्हणजे चलनाचा स्थिरांक, साध्या भाषेत तासाचा दर. 5 तासांचे 400, तर दर 80. मग 8 तासांचे 640. संपलं.

फसगत कुठे होते? 2 तासांचे 250 आणि 4 तासांचे 450 दिलेत समज. तास दुप्पट, मजुरी दुप्पट नाही. 2 तास वाढले तर 200 वाढले, म्हणजे दर 100; 250 मधून 2 तासांचे 200 काढले की 50 उरतात, तो लपलेला ठरावीक भत्ता. इथे प्रमाण मांडलंस की उत्तर चुकलंच. (मी असे बरेच गुण घालवलेत.)

मजूर आणि दिवस दोन्ही बदलले तर त्यांचा गुणाकार घे. 6 मजूर, 5 दिवस, 9000: म्हणजे 30 मनुष्यदिवस (एका मजुराचा एक दिवस म्हणजे एक मनुष्यदिवस), दर 300. मग 8 मजूर 4 दिवस, 32 गुणिले 300, म्हणजे 9600.

आणि ‘तेच काम किती दिवसांत’ असं विचारलं तर थांब. मजूर वाढले की दिवस घटतात. ते व्यस्त चलन, तिथे मजूर गुणिले दिवस हा गुणाकार स्थिर असतो.