सांगलीत बसून पार्श्वसंगीत शिकायचंय? आधी एवढं कर

मित्रा, महागड्या कीबोर्डची घाई नको. ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो आणि बरे हेडफोन पुरेत.

रोज अर्धा तास मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्रावर, वाजव. स्टुडिओत कानात तशीच टिकटिक, म्हणजे क्लिक, असतो. हात पुढे पळाला की टेक (त्या वेळचं रेकॉर्डिंग) वाया. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला आत्ताच शीक, तिथे पाठांतराला वेळ मिळत नाही.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे संवादाखाली सूर ठासून भरणं. पहिल्या लघुपटात मीही तेच केलं, आणि दिग्दर्शकाने अर्धं संगीत काढून टाकलं. ते बरोबरच होतं. आधी प्रसंग नुसता ऐक, पात्र कुठे श्वास घेतं ते बघ, मग वाजव.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो दर) ४८ किलोहर्ट्झवर ठेव, व्हिडिओसाठी तोच वापरतात.

मुंबई नंतर. आपल्या नाट्यपंढरीत एकांकिका बसवणारी पोरं आहेत, त्यांच्या तालमीला जाऊन बस.