आधी धड सरळ, मग तोफा : लाकडी युद्धबोटीबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली सहाही पत्रं गोव्यातून आली आहेत आणि सगळी आराखड्यावरून लाकडी युद्धबोटीचं मॉडेल घडवण्याबद्दल आहेत. विषय एकच असल्यामुळे उत्तरं सलग वाचली तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न (मडगाव) : दोन तयार किट पूर्ण केली आहेत. आता किट न घेता दुसऱ्या महायुद्धातली एखादी लाकडी नौदल बोट बनवायची आहे. कोणती घ्यावी आणि किती प्रमाणात?

एचडीएमएल घ्या, म्हणजे हार्बर डिफेन्स मोटर लाँच. बंदराच्या तोंडाशी पाणबुड्यांवर पाळत ठेवण्यासाठी ब्रिटिश नौदलानं आखलेली ही ७२ फुटी बोट. रॉयल इंडियन नेव्हीकडेही या बोटी होत्या आणि त्या ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर, खाड्यांमध्ये वावरल्या. तिरक्या महोगनी फळ्यांचे एकमेकांना छेद देणारे दोन थर आणि मध्ये तेल पाजलेलं कापड, अशी तिची बांधणी. म्हणजे मॉडेलही खऱ्या बोटीच्याच पद्धतीनं बांधता येतं, आणि हेच तिचं मोठं आकर्षण आहे. 'मेड्युसा' म्हणजे एचडीएमएल १३८७ ही बोट ब्रिटनमध्ये आजही जपून ठेवलेली आहे, त्यामुळे बारकाव्यांसाठी फोटो भरपूर मिळतात. फक्त फोटो आजचा आहे की युद्धकाळातला, ते प्रत्येक वेळी पाहा.

प्रमाण १:२४ ठेवा. मूळ आराखडे फूट-इंचात असतात आणि या प्रमाणात एक फूट म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. लांबी ९१४ मिमी येते, १६ फूट रुंदी २०३ मिमी आणि पाण्याखालची ५ फूट खोली साधारण ६४ मिमी. एवढी जागा नसेल तर १:४८ घ्या, लांबी ४५७ मिमी होईल, पण मग दोन थरांचा हट्ट सोडा.

एक अडचण आधीच सांगतो. एचडीएमएलचं पोट गोल आहे. अमेरिकन पीटी बोटीच्या (टॉर्पेडो सोडणाऱ्या गस्ती बोटीच्या) तळाला आणि बाजूला स्पष्ट कोन असल्यामुळे ती पातळ प्लायच्या मोठ्या तुकड्यांनी झाकता येते. इथे ती सोय नाही, पट्टी पट्टीनंच जावं लागतं. दोन किट केलेल्या माणसाला ते जमतं.

आराखडा झेरॉक्सवर मोठा करून घेतलात तर त्यावर आधी ३०० मिमीची एक रेघ उभी आणि एक आडवी काढून घ्या आणि प्रत हातात आल्यावर दोन्ही मोजा. यंत्र कागद ओढतं त्या दिशेला एक-दोन मिमीचा फरक पडू शकतो. फ्रेमचा, म्हणजे बोटीच्या आडव्या बरगडीचा, डावा अर्धा एका प्रतीवरून आणि उजवा दुसऱ्या प्रतीवरून कधीच घेऊ नका. कागद मध्यरेषेवर दुमडून अर्ध्या फ्रेमवरून कापा.

प्रश्न (पेडणे) : पट्ट्यांसाठी पांगारा चालेल का? सावंतवाडीची लाकडी फळं त्याची होतात.

कातायला तो छान, पट्टीला नको. तो मऊ आहे, दीड मिमीच्या पट्टीत टाचणीपाशी दबतो आणि पॉलिशपेपरखाली खड्डे पडतात. शिवण घ्या : हलकी, सरळ रेषांची, वाकायला तयार आणि एकदा वाळली की फारशी हलत नाही. सागवान चालेल, पण त्याच्या तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही. चिकटवायची बाजू थिनरनं पुसा आणि थिनर उडाला की लगेच डिंक लावा. फ्रेमसाठी आयएस ७१० शिक्क्याचा ६ मिमी मरीन प्लाय घ्या. साधा प्लाय कापताना आतल्या थरांत पोकळी निघते, आणि ती नेमकी खाचेच्या जागी येते.

प्रश्न (फोंडा) : फ्रेम बसवून पहिला थर चढवला. बोट पाटावर ठेवली तर मागचं उजवं टोक ६ मिमी वर राहतं. सगळं सोडवून पुन्हा करावं लागेल का?

धड, म्हणजे डेकखालचा बोटीचा सगळा भाग, पिळलं आहे. अजून एकच थर आहे म्हणून वाचेल. दुसरा चढला असता तर तोच पीळ कायमचा झाला असता.

आधी कारण. पांढऱ्या डिंकातलं पाणी लाकूड पितं आणि फुगतं, मग वाळताना आकसतं. एका बाजूच्या पट्ट्या सगळ्या आधी लावल्या की ती बाजू धडाला आपल्याकडे ओढते. दुसऱ्या बाजूला प्रतिकार करायला काहीच नसतं. त्यात बोट हातात धरून किंवा मांडीवर घेऊन काम केलं असेल तर पीळ येणारच.

दुरुस्ती अशी करा. १८ मिमी जाडीच्या सपाट पाटावर धड उलटं ठेवून पुढच्या आणि मधल्या फ्रेम पक्क्या अडकवा. मागे पिळाच्या उलट दिशेला पाचर घालून ६ नाही, १० मिमीपर्यंत ओढा, कारण सोडल्यावर थोडं परत येतं. ओल्या फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवा. साधा पांढरा डिंक उष्णतेनं मऊ होतो आणि पट्ट्या जागेवरच किंचित सरकतात. मरीन प्रकारचा डिंक वापरला असेल तर तो एवढा ढिला पडत नाही. तेव्हा ब्लेडनं दर चौथ्या-पाचव्या पट्टीची कण्याजवळची (तळाच्या मधल्या लांब दांड्याजवळची) चिकट सोडवा. दोन दिवस तसंच राहू द्या. मग दोन सरळ पट्ट्या पुढच्या आणि मागच्या फ्रेमवर आडव्या ठेवून एका डोळ्यानं बघा. दोन्हींच्या कडा समांतर दिसल्या की धड सरळ. मगच दुसरा थर, आणि तोही पाटावरून न सोडता.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी पीळ येऊच न देण्यासाठी हे करावं. पाटावर शाईनं मध्यरेषा आखा. प्रत्येक फ्रेमला वरच्या बाजूनं पाय जादा ठेवा, सगळ्यांची उंची एकाच पायारेषेपासून मोजलेली असावी. ही बोट उलटीच बांधतात, पाय शेवटी कापून टाकायचे. १४ फ्रेम पुरतात, अंतर सुमारे ६५ मिमी, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, थोडं कमी. फ्रेम कापताना पट्टीची जाडी वजा करा. दीड मिमीचे दोन थर म्हणजे दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिमी. हे विसरलं की २०३ची रुंदी २०९ होते, म्हणजे खऱ्या बोटीवर जवळजवळ १५ सेंमी.

फ्रेमवर तिरकी पट्टी थेट लावू नका. प्रत्येक बाजूला ५ × ५ मिमीच्या पाच-सहा लांब दांड्या खाचा करून बसवा. त्या नसल्या की पट्टी दोन फ्रेमच्या मध्ये आत बसते आणि रंग दिल्यावर बोट उपाशी बैलासारखी बरगड्या दाखवते. मग लांब लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिशपेपर लावून फ्रेमच्या कडा उतरवा. एक लवचीक पट्टी किमान तीन फ्रेमवर आडवी धरा. ती तिन्हींना पूर्ण टेकली पाहिजे, खाली उजेड दिसता कामा नये. या कामाला दोन रविवार गेले तरी चालतील. पुढे लपवता न येणारी चूक इथेच होते.

पट्ट्या १० मिमी रुंद, नाळेजवळ आणि पोटाच्या वळणावर ६ ते ८. पंचेचाळीस अंशांत लावलेली १० मिमीची पट्टी लांबीत १४ मिमी झाकते, म्हणून एका बाजूच्या एका थराला सुमारे ६५ आणि एकूण २६० लागतात. वाया जाणाऱ्या धरून ३०० कापून ठेवा. सुरुवात मधल्या फ्रेमपासून. डावीकडे तीन, उजवीकडे तीन, असं दोन्ही टोकांकडे सरका. वळणावर पट्टीच्या कडा रंधून निमुळत्या कराव्या लागतात. जबरदस्तीनं शेजारच्या पट्टीला भिडवली तर तिची दुसरी कड वर उठते. गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून वाकवा, जागेवर अडकवून एक दिवस वाळवा, मग सोडून कोरडी चिकटवा. ओली चिकटवलेली पट्टी वाळताना रुंदीत आकसते आणि जवळजवळ प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट देते. टाचण्या पितळेच्या घ्या. लोखंडी टाचणी ओल्या डिंकात राहिली तर सागवानासारख्या लाकडात काळा डाग पडतो आणि तो घासून जात नाही.

प्रश्न (वास्को) : डेक मे महिन्यात बसवला, एकाच रुंद सागवानी तुकड्याचा. जुलैत तो मधून उचलला गेला. डिंक वाईट होता का?

डिंकाचा दोष नाही, गणित लाकडाचं आहे. हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे ११ टक्के पाणी राहतं, ८० टक्क्यांना ते १५-१६ होतं. सागवान आडव्या रेषेत दर एक टक्का पाण्यामागे साधारण ०.२ टक्के फुगतो. पाच टक्के फरक आणि २०० मिमी रुंदी म्हणजे २ मिमी. दोन्ही कडा चिकटलेल्या, मग तो जाणार कुठे? वर.

तो तुकडा काढा. खाली २ मिमी प्लाय घाला, प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे तो फारसा फुगत नाही. त्यावर ५-६ मिमी रुंदीच्या पातळ सागवानी पट्ट्या लावा. प्रत्येक पट्टी आपल्यापुरतीच हलते. गोव्यात जून ते सप्टेंबर मोठे पृष्ठभाग चिकटवूच नयेत. त्या दिवसांत तोफा, कठडे, पितळकाम करा. पट्ट्यांचं लाकूड झाकणाच्या पेटीत छोट्या पिवळ्या बल्बच्या उबेत ठेवा, बल्ब लाकडापासून वीतभर दूर.

आणखी एक चूक सर्रास दिसते : बाहेरून चार हात वॉर्निश आणि आतून कोरं लाकूड. ओल आतून शिरते, पट्टी एकाच बाजूनं फुगून वळते आणि बाहेरचा रंग फोडासारखा उठतो. डेक बंद करण्यापूर्वी आतून पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या, फ्रेमच्या कापलेल्या कडांना तीन.

प्रश्न (पणजी) : गोव्याशी नातं असलेलं 'अफोन्सो द आल्बुकर्क' लाकडात करता येईल का?

करता येईल, पण १:२४ मध्ये नाही. १८ डिसेंबर १९६१ला मुरगाव बंदरात 'बेतवा' आणि 'बियास'शी झुंजलेलं ते पोर्तुगीज जहाज पोलादी होतं, सुमारे १०० मीटर लांब. १:२४ला ते चार मीटरच्या पुढे जाईल. १:२०० घ्या, अर्ध्या मीटरमध्ये बसेल. आडवे थर एकमेकांवर चिकटवून कोरा. पोलादाला लाकडाची रेघ दिसता कामा नये, म्हणून सीलर आणि प्रायमर घासून घासून द्या.

प्रश्न (डिचोली) : माझी १:२४ एचडीएमएल धडापर्यंत तयार आहे. मागच्या बाजूला आराखड्यात जाड पट्टा दिसतो, तो कशासाठी? आणि मयेच्या तळ्यात तरंगवायची तर वजन किती ठेवू?

तो पट्टा शोभेचा नाही. बाजूनं पाण्यात सोडलेला डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचा स्फोटकांचा पिंप) त्यावरून घरंगळत बाहेर पडावा, धडाला आणि पंख्यांना (प्रोपेलरना) लागू नये म्हणून तो आहे. त्यामुळे तो खरोखर पुढे आलेला दिसला पाहिजे. एकाच जाड पट्टीला वाकवू नका, वळणावर तडकते. १ मिमीच्या तीन पट्ट्या एकावर एक चिकटवत जा, मग आराखड्यातली जाडी येईपर्यंत घासा. डेप्थ चार्ज आठ लागतात. खरा सुमारे १८ इंच व्यासाचा आणि २८ इंच लांब, म्हणजे १९ मिमी आणि ३० मिमी. विजेच्या वायरिंगचा १९ मिमी पीव्हीसी पाइप यासाठी नेमका आहे, फक्त बाहेरून मोजून घ्या. टोकांना १ मिमी प्लास्टिकच्या चकत्या लावा.

वजन लांबीच्या प्रमाणात उतरत नाही, प्रमाणाच्या घनात उतरतं. खऱ्या बोटीच्या ५४ ब्रिटिश टनांना (एक टन १,०१६ किलोचा) २४ × २४ × २४ म्हणजे १३,८२४नं भागलं की समुद्राच्या पाण्यात ३.९७ किलो येतात. मयेचं पाणी गोडं आहे. तिथे त्याच पाणरेषेवर बसवायला सुमारे ३.८७ किलो हवेत. १०० ग्रॅमचा हा फरक काढता येईल अशा वजनात ठेवा. मासेमारीच्या जाळ्याची शिसं कापडी पिशवीत घालून कण्यावर ठेवली की झालं. बॅटरीही तळाशीच बसवा. खरी एचडीएमएलसुद्धा बाजूच्या लाटेत चांगलीच डोलायची, मॉडेलमध्ये वर जड पितळी तोफ लावली तर ती आडवीच होईल. पहिली चाचणी घरी, प्लायच्या खोक्यात ताडपत्री अंथरून.

वेगात बहुतेक जण घसरतात. खऱ्या बोटीचा १२ नॉट मॉडेलवर २४च्या वर्गमुळानं, म्हणजे ४.९नं, भागायचा : सेकंदाला सव्वा मीटर. काठावर १० मीटर मोजा. ८ सेकंद लागले तर बरोबर, ४ लागले तर मोटर दुप्पट वेगानं ओढते आहे आणि नाळेची लाट खोटी दिसेल. पंख्यांच्या दांड्यांच्या नळ्या पाण्याला न विरघळणाऱ्या ग्रीसनं भरा आणि त्यांची आतली तोंडं पाणरेषेच्या वर येतील अशी बसवा. डेक चिकटवण्याआधी हे तपासा, नंतर तिथे हाताचं बोट पोचत नाही.